काकूचा थर

आमच्या प्रयोगशाळेत थर मोजायची पद्धत माझी. तिचा मला आता पश्चात्ताप होतो, असं लिहायला हवं. पण होत नाही.

काम असं. काचेच्या तुकड्यावर क्वांटम डॉटची शाई टाकायची. तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे कण उन्हाची वीज करतात. काच गरगर फिरवायची, थर बसला की रसायनात भिजवायची, धुवायची, सुकवायची, पुन्हा शाई. असे बरोबर बारा थर. कमी पडले तर ऊन पुरेसं अडत नाही, जास्त झाले तर झालेली वीज वाटेतच गळते. आकडे मोजताना सातवा की आठवा, इथे माझी गाडी हमखास अडायची. म्हणून मी नातेवाईक लावले. आजोबा, आजी, बाबा, आई, काका, काकू, आत्या, मामा, मामी, मावशी, दादा, वहिनी. नातेवाईक विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत.

हळूहळू ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. "मामा झाले का?" "सुकतायत." विभागप्रमुख सरांनी तर अहवालात लिहिलं की आत्यानंतर करंट चांगला वाढतो.

मग घडीच्या कॉटवरून काकूचं घरच्यांशी बिनसलं. तिनं कॉट नेली आणि परत मागितल्यावर म्हणाली, माझीच होती. आजोबांनी फर्मान काढलं, "यापुढे तिचं नाव कुणी घ्यायचं नाही." मी पडले आज्ञाधारक. प्रयोगशाळेतही काकांवरून थेट आत्यावर जायला लागले. दहा टक्के उन्हाची वीज करणारा सेल साडेआठावर आला.

शुक्रवारी तपासणी होती. दहा टक्के दिसले नाहीत तर आमची खोली शेजारच्या रंगवाल्यांना मिळणार होती आणि मी घरी बसणार होते. सर हवालदिल झाले.

"दुसरी एखादी काकू नाही का तुम्हाला?"

"चुलत आहे, सर."

"नको. ऐन वेळी नवीन माणूस नको."

शेवटी मी काकूकडे गेले. ती त्याच कॉटवर बसून नखं कापत होती. सगळं ऐकून खूश झाली.

"माझ्यावाचून अडलं म्हणायचं. पण मी नाही यायची तुमच्या मोजणीत. माझ्या जागी तू स्वतःला धर. एवढ्या बारा जणांत तू कुठं आहेस गं?"

मी कुठेच नव्हते. हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

"लहानपणी याच कॉटवर झोपायचीस, माझ्या कुशीत," ती म्हणाली आणि नखं कापू लागली. मला रडू आलं, म्हणून मी लगेच निघाले.

शुक्रवारी तपासनीस समोर बसले होते. आजोबा, आजी, बाबा, आई, काका, मी, आत्या, मामा, मामी, मावशी, दादा, वहिनी. बारा झाले. आता हात थांबायला हवा होता. पण काकूला बाहेर ठेवणं मला जमेना. मी तिचं नाव घेतलं आणि शाई टाकली.

मीटरवर आठ आले. तपासनिसांनी वही मिटली. सरांनी काच उजेडात धरली.

"एक थर जास्त झालाय. कोण जास्त आहे?"

"कुणीच नाही, सर."

सरांनी काच खाली ठेवली. मग त्यांनी अहवालात तेरा जणांची नोंद केली आणि मी माझा खण रिकामा करायला घेतला.