केसांसकट

शेळी म्हातारपणानं गेली. आमचे हे तिला 'मॅडम' म्हणायचे, कारण ती निवडक पालाच खायची आणि बाकीच्याला नाक मुरडायची. हे गेल्यावर माझं ऐकून घेणारी तेवढी एकच उरली होती. मी बोलायचे, ती रवंथ करायची. ह्यांच्यापेक्षा बरं लक्ष द्यायची, खरं सांगते.

तिला पुरायचं सोडून मी कातडं काढायला खाटकाला बोलावलं, हे ऐकून मुलगी फोनवर उखडलीच.

"आई, जन्मभर त्या वासावरून बाबांच्या नावानं खडे फोडलेस. आणि आता तू कातडं कमावणार?"

फोडले होतेच. हे मागच्या शेडमध्ये कातडी कमवायचे आणि अंघोळ केल्याशिवाय मी त्यांना उंबरा ओलांडू देत नसे. पण दारातून बघून बघून सगळं काम डोक्यात बसलं होतं. आणि मला हे कातडं केसांसकट हवं होतं, पलंगाच्या रिकाम्या बाजूला अंथरायला. झोपेत हात पडला तर ओळखीचं काहीतरी लागावं, एवढंच. मुलीला हे सांगितलं नाही. तिनं लगेच मला तिच्याकडे हलवलं असतं.

आतल्या बाजूचं मांस बोथट सुरीनं खरवडताना माझं कंबरडं मोडलं. मग हात आखडता न घेता जाडं मीठ चोळलं. पाणी सुटलं की झटकायचं, पुन्हा मीठ. कातडं वाळून पत्र्यासारखं झालं. आता ते भिजवून मऊ करायचं, मग तुरटी आणि मिठाच्या पाण्यात मुरवायचं, शेवटी अंड्याचा बलक चोळून टेबलाच्या कडेवर ओढत राहायचं. सगळं तोंडपाठ होतं.

भिजवायच्या दिवशी थंडी मी म्हणत होती. मॅडमला गार पाणी अजिबात खपायचं नाही, खुरं आपटून गोठा डोक्यावर घ्यायची. तिला मी नेहमी कोमट पाण्यानंच धुवायचे. सवयीनं पातेलं चढवलं, टब भरला, कातडं बुडवलं. वर गारठू नये म्हणून जुनं पांघरूणही टाकलं.

सकाळी उचलायला गेले तर मानेवरचे केस मुठीत आले. पाठीवर हात फिरवला, तिथलेही आले. ऊब लागली की कातडं कुजायला लागतं आणि केस सुटतात, हे ह्यांच्या घरात कुणाला सांगावं लागायचं नाही. कडाक्याच्या थंडीतही हे गारच पाणी घ्यायचे. हातांना भेगा पडायच्या. मी दारातून तेलाची बाटली आत सरकवायचे, पण आत कधी गेले नाही.

घाईघाईनं गार पाणी ओतलं, तुरटी टाकली. काही उपयोग नव्हता, केस तरंगून वर येत राहिले. मग माझं तोंड सुटलं. स्वतःला, ह्यांना, मॅडमला, जे सुचेल ते बोलत सुटले.

शेजारची सून कुंपणावरून डोकावली. "काकू, कुणाला रागावताय?"

असं ती पूर्वीही विचारायची, आणि मी हसून शेळीकडे बोट दाखवायचे.

"कुणाला नाही गं," मी म्हणाले. ती आत निघून गेली, आणि मी ओल्या मुठीतले केस तसेच धरून उभी राहिले.