ओर्रीच्या वाटेवरचे दगड

परदेशी माणसाला काळ्या वाळूत उभं केलं, समोर हिमनदी दिली आणि पाच मिनिटं मोकळं सोडलं, की तो खाली वाकून दगडावर दगड रचायला लागतो. का, ते त्याला विचारूनही सांगता येत नाही. आस्दीस कित्येक उन्हाळे अशी सात-आठ माणसं गाडीत घालून लाव्ह्याच्या रानातून आणि बर्फाच्या कडेकडेनं हिंडवत होती, आणि या लगोऱ्यांनी तिचं डोकं उठवलं होतं. तिच्या पणज्या-खापरपणज्यांनी धुक्यात वाट चुकू नये म्हणून डोंगरांवर दगडांच्या खुणा उभ्या केल्या होत्या. त्या बघत माणसं जिवंत घरी पोचायची. त्यांच्या शेजारी आता या हौशी लगोऱ्या उभ्या राहिल्या, तर धुक्यात भरवसा कशावर ठेवायचा? म्हणून तिकडचे सगळेच वाटाडे लगोरी दिसली की तिला लाथ घालतात. ओळखायची रीत सोपी आहे. दगडांवर दगडफूल धरलेलं असलं की खूण जुनी, तिला हात लावायचा नाही. दगड कोरे असले की पाडायची.

त्या दिवशी दुपारी हिमनदीच्या तोंडाशी अशीच एक कोरी लगोरी उभी होती. गुडघ्याएवढी, वाटेपासून चांगली बाजूला, काळ्या कड्याच्या पायथ्याशी.

"आज मान कुणाचा?" आस्दीसनं विचारलं.

मान मार्जरीला मिळाला. ही कॅनडातली निवृत्त शाळामास्तरीण, गुडघा नवा बसवलेला, आणि सगळ्या तुकडीत एकटीच अशी की जी कधी कुरकुरली नव्हती. तिनं पायाच्या टोकानं हळूच वरचा दगड ढकलला तेव्हा सगळे हसले. "अगं, चहाचा कप आहे का तो?" म्हणत आस्दीस पुढे झाली आणि तिनं उरलेली लगोरी दोन लाथांत उधळून दिली. खालचा मोठा चपटा दगड काही हलेना. तो तिनं दोन्ही हातांनी बाजूनं वाहणाऱ्या हिमनदीच्या पाण्यात लोटला.

ती त्या दिवशी खुशीत होती, हेही सांगायला हवं. मुक्काम तिच्या बापाच्या घरी होता. आई गेल्यापासून थोर्गिल्स म्हातारा मेंढ्यांवर आणि वरच्या चार खोल्यांच्या भाड्यावर जगत होता. पण आस्दीसची माणसं त्यानं कधी उतरवून घेतली नव्हती. तिचा धाकटा भाऊ ओर्री त्याच हिमनदीवर बर्फाच्या भेगेत पडला, तेव्हा गावच्या बचाव पथकाची प्रमुख तीच होती. वादळ आलं, बर्फ फुटायला लागलं, आणि तिनं शोध थांबवला. ओर्री वरच राहिला. तेव्हापासून बाप तिच्याशी फक्त मेंढ्यांबद्दल बोलायचा, तेही फोनवर. यंदा तिनं खोल्या विचारल्या आणि तो म्हणाला, "येऊ दे." एवढ्या दोन शब्दांवर ती महिनाभर तरंगत होती. बापानं एकदा आपल्याला माफ करावं, याखेरीज तिला त्याच्याकडून काही नको होतं.

संध्याकाळी मेंढीच्या मटणाचं सूप वाढताना म्हातारा आपल्या भाषेत म्हणाला, "उद्या मी पण येतो वर."

"तू? आणि तुझा दुखरा खांदा?"

"खांद्यानं चालतात का? तुला एक दाखवायचंय. म्हणून तर तुझी ही वरात घरात घेतली." तो तिच्या शेजारी बसला. "बर्फ मागे हटतंय, दिसतंय ना तुला? वरचं सगळं खाली वाहून येतंय. ओर्री कुठं पडला ते मला ठाऊक, बर्फ किती सरकतं तेही ठाऊक. तो कुठं बाहेर येईल ते मी धरलंय. तिथं मे महिन्यात दगड रचून आलोय. मी नसलो तरी कुणाला तरी कळावं, कुठं बघायचं ते."

आस्दीसचा चमचा वाडग्यातच राहिला. "कुठं रचलेस?"

"काळ्या कड्याखाली. वाटेपासून लांब, तुझ्या पाहुण्यांच्या पायात यायला नको म्हणून. फार उंच नाही जमले बघ."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण म्हाताऱ्यानं तिच्या वाडग्यात आणखी एक मटणाचा तुकडा घातला, लहानपणी घालायचा तसा, आणि तिच्यानं तोंड उघडवेना. सकाळी वाटेत सांगू, असं तिनं ठरवलं.

सकाळी वाटभर तोच बोलत होता. ओर्रीनं कोकराला बूट घातला होता ते, आईच्या हातची सुकी मासळी, शेजाऱ्याचा नवा ट्रॅक्टर. इतकं तो अनेक वर्षांत बोलला नव्हता. आस्दीस म्हणायची, "बाबा, एक सांगायचंय," आणि तो म्हणायचा, "थांब गं, आधी हे ऐक." खरं तर तिला थांबायचंच होतं.

कड्याखाली पोचल्यावर त्याला विखुरलेले दगड दिसले. एक दगड उचलून त्यानं उलटापालटा करून पाहिला, मग दुसरा. मग तो तिच्या माणसांकडे वळून ओरडला, "हरामखोर! खेळणं वाटतं का रे हे तुम्हाला? इथं माझा पोरगा यायचाय!"

पाहुण्यांना भाषा कळत नव्हती, पण दगड कळले. सगळ्यांनी एकदा आस्दीसकडे पाहिलं आणि मग आपापल्या बुटांकडे. कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, आपल्याला सांगावं लागलं नसतं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला शिसारी आली.

म्हातारा वाळूत बसला आणि त्यानं तिला शेजारी बसवलं. "तुझ्यावर उगाच डूख धरला मी," तो म्हणाला. "तू शोध थांबवलास ते बरोबर केलंस. नाहीतर आणखी चार घरची पोरं गेली असती. तुझी आई मला हेच सांगून सांगून गेली. तू निदान आपली आहेस, पोरी. तुला कळतं, कशाला हात लावायचा नि कशाला नाही."

त्यानं तिचा हात धरला. ज्याच्यासाठी ती इतकी वर्षं झुरली, ते हे होतं.

"बाबा," ती म्हणाली.

"काही बोलू नको. चल, परत रचू. तळाला एक चपटा दगड होता, तो बघ कुठं गेला."

ती उठली आणि दगड शोधू लागली. तो कुठं आहे ते ठाऊक असून ती बापाबरोबर कड्याखाली वाकून वाकून हिंडली. "इकडे नाही," तो म्हणायचा, "इकडेही नाही," ती म्हणायची. बाकीचे पाहुणे लांब जाऊन उभे राहिले.

मार्जरी मात्र आपल्या नव्या गुडघ्यानं लंगडत जवळ आली. "मी त्यांना सांगणार नाही," ती इंग्रजीत हळूच म्हणाली. "पण तू सांग. आज सांगितलं नाहीस तर पुढे सांगवणार नाही."

"काय म्हणतेय ती?" म्हाताऱ्यानं विचारलं.

आस्दीसनं बापाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तिच्याबद्दल कुठलीही अढी उरली नव्हती.

"तिनंच पाडली, म्हणतेय," आस्दीस म्हणाली. "माफी मागतेय."

म्हाताऱ्यानं मार्जरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिच्या पायांपुढं थुंकला. मार्जरीनं एकदा आस्दीसच्या तोंडाकडे पाहिलं, मग ती वळली आणि बाकीच्यांकडे चालू लागली. म्हाताऱ्यानं लेकीच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "अशांना यापुढं आपल्या दाराशी आणू नको."

"नाही आणणार, बाबा," आस्दीस म्हणाली.