पिवळा ठिपका

माझ्या गॅरेजमधून चाक बसवून गाडी निघाली की प्रत्येक नटावर एक पिवळा ठिपका असतो. ठिपका म्हणजे हा नट मी स्वतः आवळलाय. तीन वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यानं चार गिऱ्हाइकांसमोर त्या ठिपक्यांवर पाना लावून नट तपासले. तो वृद्धाश्रमाची बस चालवतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्यावर विश्वास नाही, तर माझ्याशी बोलू पण नकोस," म्हणालो. तो खरंच बोलायचा थांबला. बस मात्र येत राहिली. तो किल्ली टेबलावर ठेवायचा, मी उचलायचो, आणि निरोपांची ने-आण करून माझ्या बायकोचा जीव मेटाकुटीला यायचा.

नाताळच्या सकाळी मी नवा कोट घालून चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसलो होतो. पुढचे दोन बाक आश्रमातल्या सतरा म्हाताऱ्यांसाठी राखलेले, रिकामे. बस अजून यायची होती.

"एकमेकांना शांती असो म्हणा," पाळक म्हणाले. "आणि ज्याच्याशी बोलत नाही, त्याला आधी म्हणा. नाहीतर आज नुसती गाणी होतील, नाताळ होणार नाही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिची नजर चुकवायला मी वर बघितलं. वर पांढरा तारा टांगलेला होता, मीच काल शिडीवर चढून टांगलेला. त्याच्या एका टोकावर पिवळा अंगठा उमटला होता.

आधी हसू आलं, मग काल काय राहून गेलं ते आठवलं.

काल ताऱ्यासाठी पाळकांचा फोन आला, तेव्हा ती बस जॅकवर होती. मागचं डावं चाक चढवून मी नट नुसते हातानं फिरवले होते. डब्यातला रंग वाळत चालला होता, म्हणून ठिपके आधीच देऊन टाकले. आल्यावर गाडी खाली घेऊ आणि आवळू, असं म्हटलं. तसाच रंगाच्या हातानं तारा लावायला गेलो. परत आलो, सहा ठिपके दिसले, जॅक काढला आणि किल्ली टेबलावर ठेवली. दुसऱ्या कुणी नाही, माझ्याच ठिपक्यांनी मला फसवलं.

तिथंच बसून मेहुण्याला फोन लावला. तो उचलेना. गाडी चालवताना तो फोनला हात लावत नाही, आणि त्यावरून त्याची टिंगल करणारा मीच.

खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात आलं, बस पोचेल कशीबशी, मग बाहेर जाऊन गुपचूप आवळून टाकू. सतरा म्हाताऱ्यांच्या आणि मेहुण्याच्या जिवापेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

मग मी उभा राहिलो. "पाळकसाहेब, आश्रमाच्या बसचं चाक मी आवळलेलं नाही. विसरलो," एवढं सगळ्यांसमोर बोललो आणि पळालो.

आश्रमाकडे जाणाऱ्या घाटात माझी गाडी चढाला लागली. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दरीत बस दिसणार. "प्रभू, माझं नाक कापलं जाऊ दे," मी मोठ्यानं म्हणत होतो, "पण ते चाक धर. मला क्षमा कर आणि ते चाक धर." इतक्या वर्षांत मी देवाकडे एवढं सरळ काही मागितलं नव्हतं.

तिसऱ्या वळणावर बस उतरताना दिसली. गाडी बाजूला टाकून मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो. चाकाचा खडखडाट मला लांबून ऐकू येत होता. बस हळूहळू थांबली, माझ्यापासून चार पावलांवर.

"दाजी, वेड लागलंय का?" तीन वर्षांतले त्याचे पहिले शब्द.

"मागचं डावं चाक. नट सैल आहेत. चुकलो मी."

तो धावत मागे गेला. पाच नट बोटांनी फिरत होते, सहावा कुठंतरी गळून पडला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तीन वर्षं मी गॅरेजच्या पुढच्या वळणावर थांबून तुमचे नट तपासत होतो," तो म्हणाला. "एकदाही सैल निघाला नाही. काल ठरवलं, नाताळ आहे, आता पुरे. दाजींवर विश्वास ठेवायचा. पाना काढलाच नाही."

मी तिथंच रस्त्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. त्यानं मला काखेत हात घालून उठवलं आणि पाना हातात दिला. सहावा नट मी स्टेपनीचा काढून घेतला आणि सगळे आवळले. मग पाना त्याच्यापुढे धरला.

"आता तू तपास."

त्यानं एकेक नट तपासला. ज्या गोष्टीपायी मी तीन वर्षं जळत होतो, तीच उभा राहून बघत होतो आणि छातीवरचा धोंडा उतरत होता. बारीकसारीक चुकांची माफी मी दर रविवारी मागायचो, पण आपल्याला तिची गरज आहे असं कधी वाटलंच नव्हतं. त्या रस्त्यावर कळलं, तो बाळ येशू माझ्यासारख्यासाठीच जन्मला होता. इतकी शांती मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

खिडकीतून एक आजी ओरडल्या, "येशू जन्मला, आता रांगायला लागेल! तुमचं चाक होतंय की नाही?"

चर्चमध्ये सगळे आमच्यासाठी थांबले होते. दारातच मेहुण्यानं ग्रीसनं भरलेला हात पुढे केला. "दाजी, शांती असो." मी तो हात उपासना संपेपर्यंत सोडला नाही.

पुढच्या महिन्यात बस कामाला आली. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली नाही, माझ्या हातात दिली. काम झाल्यावर मी पाना त्याच्या हातात दिला, आणि ठिपके त्याचं तपासून झाल्यावरच दिले.