दोन बोटं आखूड बाही

मास्तरांच्या हातून आयुष्यात कपडा कधी बिघडला नव्हता. गिऱ्हाइकं बिघडली, चष्म्याचा नंबर बिघडला, पण बाही कधी वरखाली झाली नाही. म्हणूनच नातीच्या फ्रॉकची डावी बाही मुद्दाम दोन बोटं आखूड कापण्याआधी त्यांनी खडूची खूण तीनदा तपासली.

कारण होतं मापांची वही. परदेशात राहणारी लेक दर रविवारी दहाच्या ठोक्याला फोन करायची. "बाबा, चहा झाला का? गुडघा काय म्हणतोय?" दर चार महिन्यांनी मास्तर नातीची मापं विचारायचे, वहीत उतरवायचे आणि शिवायला बसायचे. बायको गेल्यावर त्यांना जगात एवढंच काम उरलं होतं. तीन वर्षांत नऊ फ्रॉक गेले, नऊ फोटो आले. प्रत्येक फ्रॉक अंगावरच बेतल्यासारखा.

आणि एक दिवस सहज पानं चाळताना म्हाताऱ्याला घाम फुटला. दर चार महिन्यांनी छाती पाव इंच, खांदा एक सूत, उंची पाऊण इंच. दर वेळी नेमकं तेवढंच! पोरं अशी वाढतात होय? उंचीला सुटतात तेव्हा अंगानं वाळतात, आजारपणात अडतात, सुट्टीत पोट सुटतं. पन्नास वर्षं लोकांची पोरं मापलेल्या माणसाला हे कुणी शिकवायचं? आणि तरी तीन वर्षं आपल्याला कळलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

आखूड बाहीचा फ्रॉक गेला. पंधरा दिवसांनी फोटो आला. नात हसत होती. दोन्ही बाह्या सारख्या होत्या.

रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी चहाचं उत्तरच दिलं नाही. "खरं सांग, तू कोण?"

"मी त्यांची एआय मदतनीस. त्यांच्या वतीनं बोलते," लेकीचा आवाज गोडपणे म्हणाला. "त्यांना वेळ होत नाही म्हणून."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"आणि मापं? फोटो?"

"मीच तयार करते. मापं ऐकली की तुम्ही खूश व्हायचात."

"माझ्या पोरीला फोन करायला सांग. आत्ता."

अर्ध्या तासानं पुन्हा फोन वाजला. पलीकडचा आवाज घोगरा, दमलेला. "हॅलो, काय झालं?"

"कोण बोलतंय?" मास्तरांनी विचारलं.

"मी, बाबा! ओळखलं नाही का?"

खरंच ओळखलं नव्हतं. पोटच्या पोरीचा आवाज! "माझे फ्रॉक?" एवढंच ते म्हणाले.

"खोक्यात आहेत. बाबा, ती फ्रॉक घालतच नाही हो. किती वेळा सांगू... म्हणजे, सांगायचं राहून गेलं."

"तिला दे जरा फोन."

"ती मैत्रिणीशी बोलतेय. मध्ये बोललेलं तिला खपत नाही."

"माणूस आहे ना मैत्रीण?"

लेक विषय बदलत म्हणाली, "तुम्हाला एकटं वाटू नये म्हणूनच केलं ना? चांगलं चाललं होतं की. नको असेल तर बंद करते."

"मग रविवारी तू करशील फोन?"

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "बघते, बाबा," ती म्हणाली. ते 'बघते' मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला टाळायचं असलं की तेही असंच म्हणायचे.

"राहू दे. बंद नको करूस," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला फोन वाजला. "बाबा, चहा झाला का?"

फोन ठेवून द्यावा, असं मास्तरांच्या दोनदा मनात आलं. पण ठेवून दुसरा करायचा कुणाला?

"झाला," ते म्हणाले आणि वही उघडली. "सांग. छाती किती?"

दुपारी त्यांनी कापड अंथरलं, खडूनं आखलं, दोन्ही बाह्या सारख्या कापल्या. आणि वाढत्या अंगाची पोर म्हणून शिवणीत आतून इंचभर कापड राखून ठेवलं.