सासऱ्यांसमोर

दिवसभर कापूस वेचून आलेली विजयमाला हातपाय न धुताच शेळ्यांपुढे उभी राहिली आणि तेच भाषण पुन्हा म्हणू लागली.

"साहेब, आमी ऊस तोडायला जातो, तवा लेकरं..."

पुढे जांभई आली. अंगात त्राण उरलं नव्हतं. ऐकून ऐकून शेळ्याही विटल्या असाव्यात.

शाळेतल्या नीलममॅडमनी बजावून ठेवलं होतं, खाली बघायचं नाही, घाई करायची नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. उद्या सभेला येणाऱ्या सरकारी साहेबांना पटलं तर ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी पेडगावातच वसतिगृह उघडणार होतं आणि तिच्या लेकीची, चंदाची शाळा वाचणार होती. नाही पटलं, तर गेल्या सालासारखी याही साली पोरगी आईबापाबरोबर फडावर. दुसरी सोयच नव्हती.

सकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. विजयमाला उठली, मान वर केली आणि तिची वाचाच बसली. अगदी समोर सासरे, रायभान, बसलेले. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी बोलली ती दाराआडूनच. त्यांच्या देखत चार माणसांत तोंड उघडायचं कसं, हे काही मॅडमनी शिकवलं नव्हतं. तिने पदर पुढे ओढला.

"बोला ना बाई," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

रायभान खाकरले. घोंगडी उचलून ते उठले, तिथेच पुन्हा अंथरली आणि शाळेच्या भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांचं बघून शेजारचे परमेश्वरआबा वळले. मग एकेक करत सगळीच म्हातारी मंडळी वळली. दाराआड व्हायचं ते आज सासरेच झाले होते.

साहेबांचा चेहरा मात्र उतरला.

"गावातल्या जुन्या लोकांचा विरोध दिसतोय, मॅडम. मग कसं जमायचं?"

ते उठायलाच निघाले.

"न्हाई साहेब!" विजयमालाचा आवाज तिलाच मोठा वाटला. "विरोध न्हाई. मामा माझं ऐकायलेत. बसा तुमी."

साहेब बसले. तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि घाई न करता सुरुवात केली.

पाठमोऱ्या रायभानांनी कानावर आलेला पटका हळूच वर सरकवला.