पाव मिलिमीटरचा ग्रह

"मूठ खाली. अक्षरं स्वतःकडे. एक डोळा बंद. आणि हात हलला तर दर्शन नाही, आधीच सांगतो."

चार मजली पार्किंगच्या गच्चीवर आम्ही तीनशे माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी होतो. प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढी गोल काच. दोन्ही बाजूंनी आरशासारखी चकाकणारी, कड काळ्या कड्यात बसवलेली, खाली एका बाजूला अक्षरं कोरलेली मूठ. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीवर टेकायला आला होता. स्टेजवर डॉक्टरांसारखा पांढरा अ‍ॅप्रन चढवून जो उभा होता, त्याला लोक वेधसर म्हणायचे. तो कसले वेध घ्यायचा ते पुढे कळेलच.

"आता वर करा."

तीनशे हात वर गेले आणि तीनशे छात्यांनी एकदम श्वास आत ओढला. माझ्या शेजारचा माणूस मुसमुसायला लागला. सूर्याच्या डाव्या बाजूला दुसरा गोळा लटकत होता. मंद, तांबूस, गोल. आकाशात नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, काचेतून मात्र स्वच्छ दिसत होता.

"हाच काळा पाहुणा," वेधसर माईकमध्ये कुजबुजला. "सूर्य नसलेला ग्रह. अनाथ. अब्जावधी वर्षं अंधारात भटकून आता आपल्या दारात आलाय. पहिल्या गुरुवारी सूर्याला चिकटून होता. दुसऱ्या गुरुवारी मध्ये एक सूर्य मावेल इतका सुटला. आज मोजा. मध्ये दोन सूर्य मावतात. मोठ्या दुर्बिणींना दिसत नाही का? दिसतो. पण दुर्बिणी कुणाच्या? सरकारांच्या. आणि काच कुणाची?"

"आपली," गच्ची म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मलाही तो दिसला. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. जे शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतून. देव मानत नाही, पण डोळ्यांना दिसलेलं कसं नाकारणार?

मला तिथे ओढत आणलं होतं ताईने, माझ्या थोरल्या बहिणीने. ताईच्या छातीत गाठ होती. तपासणीचा अहवाल वाईट आला होता. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली आणि त्याच आठवड्यात ताई या गच्चीवर येऊन पोचली. वेधसरचा नियम असा, की पाहुण्याची ओढ जबरदस्त असणार, तेव्हा देह अखंड हवा. ज्याच्या अंगावर ताजी जखम, त्याचं रक्त ओढीने बाहेर येईल. ताईने पहिली तारीख घालवली. दुसरी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची होती, सकाळी सातला उपाशीपोटी. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही तारीख गेली तर मी जबाबदारी घेणार नाही, असं नाही म्हणत. पण तेव्हा माझ्या हातात किती उरलं असेल, ते मला माहीत नाही."

"दिसला ना?" ताईने कोपर मारलं. "आता बोल, काच्या."

मी काचा घासण्याच्या कारखान्यात काम करतो, म्हणून घरात मला काच्या म्हणतात.

मी पुन्हा काच वर केली. सूर्यासमोरून ढगाची एक बारीक रेघ सरकत होती. सुरीने कापावं तशी ती सूर्याच्या पोटातून आडवी गेली होती. आणि पाहुण्याच्या पोटातही तीच रेघ होती. त्याच उंचीला, तेवढीच तिरकी, त्याच वेगाने सरकणारी.

ढग आमच्या डोक्यापासून दोन-तीन कोसांवर. पाहुणा म्हणे करोडो कोसांवर. एकाच ढगाची रेघ दोघांच्या पोटावर एकाच जागी कशी येईल? येईल. दोघं दोन नसतील तर येईल.

मी मनगट जरासं फिरवलं. पाहुणा घड्याळाच्या काट्यासारखा सूर्याभोवती फिरला.

"हात," मागून एक स्वयंसेवक गुरकावला आणि त्याने माझं मनगट धरून सरळ केलं.

जाताना दारात काचा मोजून परत घेतल्या. शुद्धीकरणासाठी म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात आमच्या रद्दीच्या पेटीत हात घातला. आमच्या धंद्यात चष्म्याच्या काचेचा एक जुना रोग आहे. तिचे दोन पृष्ठभाग एकमेकांना समांतर घासले गेले नाहीत, एक कड जाड आणि समोरची पातळ राहिली, तर उजेड आतल्या आत दोनदा आपटून तिरका बाहेर पडतो आणि दिव्याशेजारी दुसरा दिवा दिसतो. असा तुकडा आम्ही पेटीत फेकतो. मात्र गेले महिनाभर एका दलालामार्फत एक ऑर्डर येत होती, तिला हा रोगच हवा होता. तीनशे साध्या गोल काचा, दोन्ही बाजूंना आरशाचा पातळ मुलामा, एक कड दुसरीपेक्षा पाव मिलिमीटर जाड, आणि जाड कडेवर लाल ठिपका, म्हणजे बसवणाऱ्याला बाजू कळावी. पुढच्या खेपेला अर्धा मिलिमीटर. मग पाऊण. कागदावर लिहिलं होतं, 'सजावटीचे दिवे'.

शेवटचा हात फिरवून ठिपका लावायचं काम माझं. मुलामा चढून, कड कड्यात झाकून मुठीवर बसल्यावर मला माझीच काच ओळखू आली नव्हती. म्हणजे तो ग्रह दर आठवड्याला मीच पुढे सरकवत होतो.

मी मालकाकडे गेलो. मालक म्हणाला, "आपण काच विकतो रे. लोक त्यातून काय बघतात, ते का आपण विचारायचं? उद्या सुरी विकणाऱ्याला विचारशील काय कापणार म्हणून."

"मालक, माझी बहीण मरेल."

"मग बहिणीला समजाव. गिऱ्हाईक माझं आहे."

पेटीतला एक तुकडा खिशात टाकून मी संध्याकाळी ताईकडे गेलो. दाजी दार उघडून लगेच आत वळले. त्यांचं धोरण पहिल्यापासून एकच: बायको आणि मेव्हणा बोलत असतील तर आपल्याला चहा करायचा असतो. मी ताईला काच दिली आणि खोलीच्या टोकाला मोठा दिवा लावला.

"बघ. दिव्याशेजारी काय दिसतं?"

तिने बघितलं. "दिवा."

"दोन दिवे. काच फिरव. फिरतो का दुसरा?"

"फिरतो. मग?"

"मग तोच तुझा पाहुणा. जाड कड, पातळ कड, संपला ग्रह."

ताईने काच टेबलावर ठेवली. ती कपड्यांच्या कारखान्यात मापं तपासते. बाहीत पाव इंचाचा फरक सापडला तर अख्खा गठ्ठा परत पाठवणारी बाई. मला वाटलं, जिंकलो.

"ही तुझी काच," ती म्हणाली. "फुटकळ. सरांची सिद्ध केलेली असते. तुझ्यातून दिवा दिसतो म्हणून त्यांच्यातून दिसतो तो दिवाच कशावरून?"

"ताई, भटके ग्रह असतात, मी नाही म्हणत नाही. पण इतका जवळ आलेला ग्रह लपवता येतो का? जगात हजारो वेडे स्वतःच्या पैशाने दुर्बीण घेऊन रात्रभर गच्चीवर बसतात. कुणाच्या नोकरीत नाहीत, कुणाच्या बापाला भीत नाहीत. त्यांच्यापैकी एकाला दिसू नये? आकाश काय कपाट आहे, कुलूप लावायला?"

"तुला पुस्तकं वाचून शिंगं फुटलीत."

"आणि तुला गाठ फुटलीय."

दाजींच्या हातातला कप बशीवर वाजला. हे बोलायला नको होतं. ताईने काच माझ्याकडे सरकवली. मग शांतपणे म्हणाली, "त्यांच्याच काचेतून, त्यांच्याच गच्चीवर खोटं करून दाखव. शुक्रवारी सातला मी दवाखान्याच्या दारात उभी राहीन. नाहीतर पुन्हा या घरात ऑपरेशनचं नाव काढायचं नाही."

काचा येताना-जाताना मोजणाऱ्या माणसांच्या गराड्यात मी त्याची काच कशी खोटी करून दाखवणार होतो? तीन रात्री डोळा लागला नाही. सोमवारी चौथी खेप माझ्या टेबलावर आली. एक मिलिमीटर. तीनशे काचा.

मी जे केलं ते सांगतो, लपवत नाही. दीडशे काचांना ठिपका जाड कडेवर लावला. दीडशेंना पातळ कडेवर. मग सगळ्या एकत्र करून पत्त्यांसारख्या पिसल्या आणि खोक्यात भरल्या.

गुरुवारी गच्चीवर मी ताईच्या उजवीकडे उभा होतो. काचा बसवणाऱ्याने ठिपक्याकडे न बघता बसवल्या असतील तर? एखाद्याने आधी तपासलं असेल तर? उद्या सकाळी सात वाजायला तेरा तास उरले होते.

"आज तीन सूर्यांचं अंतर," वेधसर म्हणाला. "आता तो वेग घेतोय. वर करा."

हात वर गेले. श्वास आत गेला. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारबांनी मोठ्यांदा विचारलं, "उजवीकडे कसा गेला हो हा?"

"डावीकडे आहे, आजोबा. नीट धरा."

"मी नीटच धरलीय. उजवीकडे आहे."

"माझ्याही उजवीकडे."

"अहो, काय बोलताय, डाव्या बाजूला लखलखीत दिसतोय."

अख्ख्या गच्चीवर कुजबुज पसरली. नवरा-बायको एकमेकांच्या काचा हिसकावून बघायला लागले. वेधसरचा आवाज एक पट्टी वर चढला. "शांत राहा. पाहुणा दुभंगलाय. ज्याचं मन जसं, त्याला तसं दर्शन. उजवीकडे दिसणाऱ्यांनी मन तपासा."

"माझ्या मनाला काय झालंय?" म्हातारबा चिडले. "काल रक्ताची तपासणी झाली माझी, सगळं चोख आहे."

कुणीतरी हसलं. गेल्या चार गुरुवारांत त्या गच्चीवर पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मी कडेच्या एका खुर्चीवर चढलो. "मन राहू द्या. काच फिरवा. मूठ आडवी करा, मग उलटी करा. ग्रह फिरतो का बघा. या काचा मी घासल्यात. एक कड जाड आहे. पहिल्या गुरुवारी पाव मिलिमीटर होती, आज एक मिलिमीटर आहे. ग्रह आला नाही, कड वाढली."

दोन स्वयंसेवकांनी मला खेचून खाली आणलं. एकाचं कोपर बरगडीत बसलं. पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तीनशे माणसं हातातल्या काचा गरागरा फिरवत होती, आणि तीनशे काचांत तो भयंकर ग्रह सूर्याभोवती भोवऱ्यासारखा नाचत होता. म्हातारबांनी काच सूर्यावरून काढून स्टेजवरच्या झगझगीत दिव्यावर रोखली.

"अगं बाई," ते म्हणाले. "हा तर दिव्याशेजारी पण आलाय."

वेधसरने माईक खाली ठेवला आणि जिन्याकडे वळला. लोक मारतील अशी भीती त्याला वाटली असावी. कुणी मारलं नाही. त्याला वाट करून देताना लोक त्याच्याकडे बघतही नव्हते, आपापल्या काचेकडे बघत होते.

ताईची काच अजून डोळ्यासमोर होती. ती सावकाश फिरवत होती, बाही तपासतात तशी. एक पूर्ण फेरी. मग उलटी फेरी. मग तिने काच खाली घेतली.

"चल," म्हणाली. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबली. कठडा धरला. "खरं सांगू? मला ग्रहाची भीती कधीच नव्हती रे. त्या टेबलाची होती. ग्रह येणार असेल तर टेबलावर झोपायला लागणार नव्हतं."

मी तिची पिशवी घेतली.

शुक्रवारी सातला ती उपाशीपोटी दारात उभी होती. दाजींनी चहा केला नव्हता. ऑपरेशन झालं. गाठ निघाली. पण डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, काखेपर्यंत थोडं पसरलंय, महिनाभरापूर्वी नसतं कदाचित. आता पुढची औषधं लांबणार. ताई जगेल, असं त्या म्हणतात. पण तो महिना वेधसरने खाल्ला. आणि त्याचा एक घास मीही भरवला, कागदावर 'सजावटीचे दिवे' वाचून काही न विचारता. मालकाने मला शनिवारी काढून टाकलं. ठिपका मी मुद्दाम चुकवला होता, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

तुम्हाला मी एवढंच सांगतो. सूर्याकडे असल्या काचेतून बघू नका, डोळे जातील. घरातला दिवा पुरे. आणि कुणी तुम्हाला चमत्कार दाखवत असेल, तर चमत्काराआधी त्याचे नियम ऐका. कुठे उभं राहायचं, काय हलवायचं नाही, काय परत करायचं, काय विचारायचं नाही. खऱ्या गोष्टीला असले नियम लागत नाहीत. सूर्य तुम्ही डोक्यावर उभे राहून बघा, सूर्यच राहतो. जिथे तुम्हाला हात हलवायची मनाई असेल, तिथे आधी हात हलवा. आणि डॉक्टरांची तारीख असेल, तर आधी तिकडे जा. आकाश कोसळणार असेल तर ते दवाखान्यावरही कोसळेल, तुमचं काही हुकणार नाही.