चौथी चौकट

मेंग साहेबांनी सोलगीने पडद्यावर आखलेल्या कामाच्या टप्प्यांच्या चौकटी बोटाने मोजल्या आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"चार? सोलगी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? अध्यक्षांसमोर चार?"

ओसोंगच्या त्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत चार म्हणजे मरण; तिथल्या भाषेत दोन्ही शब्दांचा उच्चारच एक. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यानंतर एकदम पाचवा यायचा, अन् अध्यक्ष तर चौघांच्या टेबलावर जेवायलाही बसत नसत. पण काम होतंच चार टप्प्यांचं, त्याला सोलगी काय करणार? नळ्यांची नोंद, प्यो मावशींची तपासणी, यंत्र, आणि मेंग साहेबांची देखरेख.

"एक उडव," म्हणत साहेबांनी स्वतःच माउस हिसकावला आणि मावशींची चौकट पुसून तिथे जाडजूड निळा बाण ओढला. आपली देखरेख मात्र जिथल्या तिथे. देखरेख कसली डोंबलाची! दिवसातून दोनदा दारात उभं राहून कॉफी ढवळायची.

"साहेब, याच पानावरून अध्यक्ष माणसं कमी करणार आहेत. ज्याला चौकट नाही त्याला नोकरी नाही, म्हणालेत ते. मावशी घरी बसतील हो."

"आणि चार दाखवले तर आपण सगळेच बसू. चल, रंग बदल त्या बाणाचा."

मावशी नऊ वर्षं खिडकीपाशी बसून एकेक नळी उजेडात धरत, तिच्यावरचं नाव कागदाशी ताडून बघत. सोलगी नवी असताना तिने अख्खा ट्रे उलटसुलट नोंदवला होता. मावशींनी तो मुकाट्याने नीट लावला, कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पोरी, आधी जेवून ये."

सकाळी अध्यक्षांनी पान पाहिलं आणि मान डोलावली. "तीन. छान, सुटसुटीत." मग त्यांनी नावांची यादी उघडली. "ही प्यो कोण? हिची चौकट कुठाय?"

मेंग साहेब एकाएकी आपल्या बुटांच्या नाड्या न्याहाळू लागले. सोलगी उठली. तिला संताप आवरत नव्हता.

"त्यांच्या दोन चौकटी आहेत, अध्यक्ष साहेब. पानावर मावल्या नाहीत."

"करते काय ही?"

"गेल्या महिन्यात नळ्यांची अदलाबदल झाली होती. मावशींनी पकडली नसती, तर एकाहत्तर वर्षांच्या एका आजोबांना आपण कळवलं असतं, की अभिनंदन, तुम्ही गरोदर आहात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष स्वतः एकाहत्तरचे होते, ते हसले नाहीत.

"म्हणजे एकूण पाच?"

"पाच." सोलगीने तिथल्या तिथे बाण पुसला आणि दोन चौकटी टाकल्या: 'नळी उजेडात बघणे' आणि 'पुन्हा बघणे'.

अध्यक्षांनी पाचही मोजल्या, समाधानाने. मग एकदम कडाडले, "दोन चौकटी आणि बाई एकच? मेंग, हीच का तुमची देखरेख? उद्यापासून 'पुन्हा बघणे'वर तुम्ही बसा. देखरेख तिथूनच करा."

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी दोन खुर्च्या होत्या. मेंग साहेबांनी तासाभरात पहिला ट्रे उलटसुलट करून ठेवला आणि घाम पुसत इकडेतिकडे बघितलं. प्यो मावशींनी ट्रे आपल्याकडे ओढला आणि नळ्या एकेक करून जागेवर लावल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आधी जेवून या."